आईच्या कांदाचाळीतला डबा

सुरेखाला कुणी लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, "झालंय की माझं, हीट सिंकशी!" पुढं ती हीट सिंक म्हणजे काय ते समजावायला लागली की विचारणारा पसार.

पण समजावणं तिला लई आवडायचं. वैजापूरकडच्या तिच्या गावात कांदाचाळीच्या बुडातून हवा मारणारे सौर पंखे आले होते. त्या पंख्यांची वीज सांभाळणारा डबा सुरेखा आणि तिची मैत्रीण नीरजा वाळूजच्या एका भाड्याच्या शेडमध्ये बनवायच्या. डबा चालला की आतून तापतो. ती उष्णता बाहेर ओढून हवेत सोडायला त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमच्या पट्ट्यापट्ट्यांचा तुकडा बसवतात, तोच हीट सिंक. तो धड नसला की डबा बंद, पंखा बंद, आणि ढिगातला कांदा उबून सडलाच म्हणून समजा.

"पट्ट्या जास्त तेवढा गारवा जास्त, असं कुणालाही वाटतं," ती शेजारच्या साळूकाकूच्या ओसरीवर बसून सांगायची. "पण दाटीवाटीनं लावल्या तर हवा शिरंल कुठून? त्यात आपल्या चाळीत कांद्याचे पापुद्रे उडत्यात. ते मधी अडकले की झालं, गोधडी पांघरल्यागत!" म्हणून तिच्या हीट सिंकच्या पट्ट्या उभ्या, विरळ, मधून करंगळी फिरेल अशा. गरम हवा वर सरकायची, पापुद्रे खाली गळायचे. धातूही चोख लागायचा. भंगार वितळवून ओतलेलं अॅल्युमिनियम तिला चालायचं नाही. त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक, उष्णता पट्टीच्या टोकापर्यंत धड पोचतच नाही.

साळूकाकूला यातलं निम्मंही कळलं नसेल. "तू म्हणतीस ना, मग बसव बाई," एवढंच ती म्हणाली. तिचं बघून सगळ्या गल्लीनं डबे घेतले. कंपनीचं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही. सुरेखाचा शब्द होता, तेवढा पुरला.

नीरजा शहरातली, बोलायला गोड. गिऱ्हाईक आणणं, माल मागवणं तिच्याकडं. आखणी आणि चाचणी सुरेखाकडं. इंजिनिअरिंगला दोघी एका बाकावर बसलेल्या. सुरेखाला कावीळ झाली तेव्हा नीरजाच्या आईनं तिला बरी होईपर्यंत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. असल्या मैत्रीत कोण कुणाचा माल तपासत बसतं हो? नमुना सुरेखा तपासायची, त्यानंतरचा माल नीरजा बघायची, डबे बसवायला माणसंही तीच धाडायची.

ज्येष्ठ सरता सरता साळूकाकूचा फोन आला. "सुरेखा, ये जरा." आवाज असा की सुरेखानं हातातलं काम टाकलं आणि स्कूटी काढून थेट गाव गाठलं.

गल्लीच्या तोंडालाच सडक्या कांद्याचा वास. साळूकाकूची चाळ काळी पडलेली, खालून पाणी सुटलेलं. पलीकडच्या कडुबाची तीच गत. ऐन दुपारी सगळ्यांचे पंखे बंद पडत होते. आणि मधोमध सुरेखाच्या आईची, मनकर्णाबाईची चाळ: कांदा खणखणीत, पंखा सुरू.

साळूकाकू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझ्या डब्याचं मागचं बघ," ती म्हणाली. "आन् आता तुझ्या आईच्या डब्याचं बघ."

सुरेखानं बघितलं. काकूच्या डब्याला दाट, जाड पट्ट्यांचा ओतीव तुकडा, पापुद्र्यांनी गच्च भरलेला. हात लावला तर तुकड्याच्या बुडाशी चटका बसला आणि पट्ट्यांची टोकं नुसती कोमट. आईच्या डब्याला मात्र तिचाच विरळ, चोख हीट सिंक.

"आमाला ग्यान शिकवलं," कडुबा म्हणाला, "आन् चांगला माल आपल्या घरात! व्वा रं व्वा!"

"काकू, आईशपथ, मला नव्हतं ठाऊक."

"आईची नगं घालू," साळूकाकू म्हणाली आणि आत निघून गेली.

वाळूजला पोचेपर्यंत सुरेखाच्या मनात एकच आशा होती, की माल ओतणाऱ्यानं नीरजालाही फसवलं असेल. काय वेडी आशा!

"मीच बदलला," नीरजा म्हणाली. खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "दाट पट्ट्या लोकांना भक्कम वाटतात. स्वस्तही पडतात. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग आईच्या डब्याला जुना कसा?"

नीरजा हसली. खरंच प्रेमानं हसली, आणि तेच जास्त लागलं. "वेडे, तुझ्या घरचं नुकसान मी होऊ देईन का? तो मी मुद्दाम बाजूला काढून पाठवला."

सुरेखा तिच्याकडं बघतच राहिली. "म्हणजे बाकीचे बंद पडणार, हे तुला माहीत होतं."

नीरजानं टेबलावरचा फोन उचलला आणि त्यात बघायला लागली.

"नीरे, परक्या कुणी केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तू केसानं गळा कापलास गं! आणि वर गावात मलाच चोर ठरवलंस."

बाहेर पडली तेव्हा रडू आवरत नव्हतं. पण मनाशी ठरलं होतं: गावात परत जायचं, सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचं. मानतील, नाही मानतील. आई तर पाठीशी उभी राहीलच.

मनकर्णाबाई भाकरी थापत होती. सुरेखानं चुलीपुढं बसून तिला सगळं सांगितलं. नीरजानं माल कसा बदलला, आईचाच डबा तेवढा चांगला का निघाला, काहीच सोडलं नाही. आईनं शांतपणे ऐकलं. भाकरी तव्यावर टाकली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

"नीरजाचं नाव पुढं केलंस, ते झ्याक केलंस," ती म्हणाली. "तिला हितं कोण वळखतंय? लोकांना हेच सांग."

"अगं आई, पण हेच खरं हाये!"

"व्हय, व्हय." आईनं दाराकडं बघून आवाज खाली आणला. "माझ्यापाशी कशाला लपवतीस? लेकीनं आईचं आधी बघितलं, त्यात लाजायचं काय? मी नाय कुणाला बोलणार."

तिच्या डोळ्यांत रागाचा मागमूस नव्हता, उलट लेकीचं कौतुक होतं. जिनं वाढवलं तिनंच सुरेखाला इतक्या सहज लबाड मानलं होतं, आणि वर माफही करून टाकलं होतं.