वरचे सातशे ग्रॅम

मे महिन्यातली अकोल्याची दुपार, पोटात ज्वारीची भाकर नि कांद्याची चटणी, आणि समोर कूलर. अशा वेळी भल्याभल्यांच्या पापण्या जड होतात. वासुदेव सिरसाट सर तर सत्तरीला टेकलेले. चार वाजता त्यांना मोबाईलवरच्या बैठकीत बोलायचं आहे, म्हणून ते दिवाणावर नुसते आडवे झालेत. झोपायचं नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं आहे. नाकावर चष्मा आहे आणि छातीवर टिपणाचा कागद आहे.

कागद साधासुधा नाही. व्यावसायिक बॉक्सिंगच्या एका मंडळानं तीन जाणत्यांची समिती नेमली आहे. वजनगट सतरा आहेत, ते तसेच ठेवायचे की पूर्वीसारखे आठावर आणायचे? दोघांनी आपापली मतं देऊन टाकली, एकानं इकडे, एकानं तिकडे. आता सिरसाट सर म्हणतील ती पूर्व. आणि सरांचं मत काय, हे अकोल्यातल्या पानवाल्यालाही पाठ आहे. तीस वर्षं त्यांनी काट्याशेजारी उभं राहून बॉक्सरांची वजनं केली. गेली नऊ वर्षं मात्र ते एकच रडगाणं गातात. सतरा गट, प्रत्येक गटाला चार संघटनांचे चार पट्टे, म्हणजे अडुसष्ट चॅम्पियन! गल्लीत हाक मारली तर चौघं ओ देतील! आणि त्या पट्ट्यांपायी पोरं अंगातलं पाणी काढून काढून खालच्या गटात घुसतात.

पुरावा टिपणाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. रोशन डाबेराव, वय चोवीस. नऊ वर्षांपूर्वी लढतीच्या आदल्या दिवशी वजन सातशे ग्रॅम जास्त भरलं, ते उतरवता उतरवता कोसळला तो उठलाच नाही. ‘गटांच्या या पसाऱ्यानं त्याचा बळी घेतला,’ असं सरांनी लिहिलं आहे. वाक्य त्यांना आवडलेलं आहे. तेच ते पुन्हा वाचत असतात, आणि अक्षरं हळूहळू पातळ होत जातात.

कूलरमधलं पाणी टपटपतं. मग ती टपटप राहत नाही, कुणी तरी दोरीवरच्या उड्या मारतंय असा तो आवाज होतो.

“सर, वजन करता का माहं?”

दिवाणाच्या पायथ्याशी रोशन उभा आहे. अंगात त्या दिवशीचाच, घाम काढायचा रबरी सूट, डोक्यावर टोपी ओढलेली, बाह्यांतून घाम गळतोय. सरांना भीती वाटत नाही, वैताग येतो. पाहुणा वेळेआधी दारात उभा राहिला की येतो तसा.

“आता? माही चारले मीटिंग हाय ना, बाप्पा.”

“एका मिनटाचं काम हाय, सर.”

कूलर होता तिथं आता काटा आहे. रोशन सूट काढतो, घडी करतो, काट्यावर चढतो. आकडे पळतात आणि थांबतात. एकसष्ट किलो नऊशे. त्याच्या गटाची मर्यादा एकसष्ट दोनशे.

“सातशे जास्त,” सरांच्या तोंडून सवयीनं निघतं. “एक तास भेटते. जाय.”

“मेलो तरी सातशेच?” रोशन हसतो. समोरचा एक दात अर्धा तुटलेला आहे. तो कसा तुटला होता, हे सरांना आठवत नाही. काहीतरी विसरल्याची चुटपुट लागते.

ते जिना चढत असतात. इनडोअर हॉलचा जिना, तीनच मजल्यांचा, पण आज वरचा मजला लागतच नाही. रोशन धावतोय आणि सर धोतर सावरत मागे. सरांनी जन्मात कधी धोतर नेसलेलं नाही, पण आत्ता त्याचं काही वाटत नाही.

“सर, तुमी म्हन्ता आठ गट करा. मंग माहं काय झालं असतं?”

“तू वरच्या गटात लढला असता! हे मधलेमधले गटच नसते तं एवढा हपापला नसता तू.”

“वरचा गट साडेपाच किलो वर. मी एरवी सदुसष्ट किलोचा मानूस. तिथं पंचाहत्तरवाले वाळून येतात सर, मले चटणी-भाकरीवानी खाल्लं असतं त्यायनं. मी खालीच उतरलो असतो.”

“बरं, मंग सतराच ठेवतो.”

“तरीबी खालीच उतरलो असतो.”

“अरे मंग म्हनू तरी काय मी?” सर ओरडतात. आवाज जिन्यातून खाली घरंगळत जातो आणि परत येत नाही. त्यांना खरोखर चीड आलेली आहे. नऊ वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, तो स्वतः येतो आणि धड इकडेही बोलत नाही, तिकडेही बोलत नाही. मेलेल्या माणसानं निदान एका बाजूला तरी उभं राहावं.

“वजन करा,” रोशन म्हणतो.

लॉजचं न्हाणीघर आहे. गरम पाण्याचा नळ सोडलेला, वाफेनं आरसा धुरकटलेला. रोशन उलट्या बादलीवर बसून एका बाटलीत थुंकतोय. तोंडात थुंकी उरलेली नाही, नुसताच आवाज येतो.

“थुंकून पन्नासेक ग्रॅम जाते,” तो समजावून सांगतो. “केसं तं सकाळीच काढले.”

“लेका, पानी पे ना थोडं.”

“पेलो तं भरन ना ते.”

काटा न्हाणीघरातही आहे. रोशन चढतो. एकसष्ट नऊशे. टॉवेल टाकतो, गळ्यातला काळा दोरा तोडतो. एकसष्ट नऊशे. सर चष्मा पुसतात, काट्याला चापट मारतात. आकडा ढिम्म हलत नाही.

“सर, खाली पाहा तं जरा.”

“खाली काय पाह्याचं? आकडा वरतं हाय.”

“पाहा ना पन.”

सर पाहत नाहीत. ते आरशाकडे बघतात, नळाकडे बघतात, बाटलीकडे बघतात. खाली काय आहे ते त्यांना ठाऊक आहे.

स्टेज आहे. समोर कॅमेरे आहेत आणि काट्याखाली लाल गालिचा आहे, नवा कोरा, बोटभर जाड. त्या दिवशी फोटो चांगले यावेत म्हणून आयोजकांनी काटा उचलून त्यावर नेऊन ठेवला होता. काटा नेहमी कडक फरशीवर हवा, मऊ जागेवर तो खोटं बोलतो. हे सरांनी तीस वर्षांत किती नव्या पंचांना घोकून घेतलं असेल! त्या दिवशीही शब्द ओठांवर आला होता. पण पाहुणे हार घेऊन उभे होते, वेळ होत होता, आणि सर गप्प बसले. रोशनला त्यांनीच सांगितलं, सातशे जास्त, एक तास मिळतो. पाऊण तासानं जिन्यात आरडाओरडा झाला.

नंतर हॉल रिकामा झाल्यावर सर एकटे काट्यावर उभे राहिले. मग काटा फरशीवर ठेवून पुन्हा उभे राहिले. गालिच्यावर काटा आठशे ग्रॅम जास्त दाखवत होता. पोरगं बसत होतं गटात. सरांनी गालिच्याची गुंडाळी केली, घरी आले, जेवले. बायकोलासुद्धा बोलले नाहीत. बोलायला लागले ते सतरा गटांबद्दल.

“तुले माहीत होतं?” सर विचारतात.

“मले कसं माहीत असन? मी तं जिन्यात होतो.”

सरांना खाली बसावंसं वाटतं, पण स्टेजवर खुर्ची नाही.

“मी नंतर सांगतलं असतं तं तू काय वापस आला असता?”

“नाही.”

“मंग?”

“मंग काही नाही. गट आठ करा नायतर ऐंशी करा, ते तुमी पाहून घ्या. पन माहं नाव त्या कागदात टाकसान तं खरं टाका. माहा बाप अजून म्हन्ते, पोट्टं हावरं होतं, रातच्याला चोरून खाल्लं असन काही. सातशे ग्रॅम. मी दोन दिवस कोरडा होतो, सर.”

हे त्यानं चढ्या आवाजात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. सरांना राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नाही. मग ते खाली वाकतात, गालिच्याचं टोक दोन्ही हातांनी धरतात आणि ओढायला लागतात. गालिचा जागचा हलत नाही.

“उतर ना खाली!”

“उतरलो तं वजन कोनाचं करसान? मी हात ठेवतो तुमच्या खांद्यावर. वढा तुमी.”

रोशनचा पंजा खांद्यावर पडतो. पाणी काढून काढून वाळलेल्या त्या पोराचा भार एवढा असेल असं सरांना वाटलं नव्हतं. गुडघे वाकतात. ते दात-ओठ खाऊन ओढतात, गालिचा सरकतो, अजून सरकतो, आणि काटा खाड्कन फरशीवर बसतो. आकडे पळू लागतात. सर मान वर करतात. चष्म्यावर वाफ आहे.

“किती?” रोशन विचारतो. “किती, सर?”

“थांब, पुसू दे, थांब...”

“आवो! उठा ना! चारले पाच कमी हायत.”

सरांच्या पत्नी मंदाबाई चहाचा कप घेऊन उभ्या आहेत. कूलर आपल्या जागी आहे. सर चष्मा काढून नुसतेच कूलरकडे बघत बसतात. आकडा दिसला नाही याची त्यांना एवढी चडफड होते की चहा नको म्हणून ते हात झटकतात. मग टिपण उचलतात. दुसरा परिच्छेद आडव्या रेघांनी खोडतात, एवढ्या जोरात की कागद फाटतो. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहितात: ‘काटा गालिच्यावर होता. मला माहीत होतं. रोशन डाबेराव याचं वजन बरोबर होतं.’ वर आठ की सतरा यासाठी जागा सोडलेली आहे. पेन तिथं थोडा वेळ थांबतं आणि तसंच परत फिरतं.

“हे कायचं लिहून राह्यले?” मंदाबाई विचारतात.

“तू बस अठीसा. मीटिंगमधी सांगनार हाव ते तूबी आयक.”

मंदाबाई बसत नाहीत. त्या सरांच्या उजव्या खांद्याकडे बघतायत. सदरा तिथं ओलाचिंब आहे, तेवढ्याच भागात. पंजा आणि पाच बोटं स्पष्ट दिसतायत. त्या हात लावून बघतात आणि बोटांचा वास घेतात.

“घाम हाय का हा? कूलरसमोर झोपून एवढा घाम आला तुमाले?”

“माहा नाही,” सर म्हणतात आणि वाजणारा मोबाईल उचलतात.