तिच्या वतीने मी बोललो

"ब्लड कल्चरमध्ये गार्डनेरेला आलाय," हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. ब्लड कल्चर म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात कुठला जंतू वाढतो ते पाहणं. गार्डनेरेला हा जंतू कित्येक निरोगी बायकांच्याही योनीमार्गात असतो. तिथून रक्तात शिरणं फार क्वचित घडतं. माझ्या बायकोला, सुनंदाला, ते झालं होतं.

"बुखारच्या आधी अंगावरून पांढरं जात होतं? ओटीपोटात दर्द?" मॅडम आमच्या इंदूरच्याच, हिंदी घरातल्या, मराठी नंतर शिकलेल्या.

सुनंदा ग्लानीत होती. उत्तर मला माहीत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तिचं क्युरेटिंग झालं होतं, म्हणजे गर्भाची पिशवी आतून साफ केली होती. नंतर घाण वासाचं पाणी जायला लागलं, पोट दुखायचं. तिने मला सांगितलं होतं. मग थंडी वाजून ताप आला आणि मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्या घरात डॉक्टरांशी पुरुष बोलतो, बाई शेजारच्या स्टुलावर बसते. "बहू को और कोई तकलीफ?" त्यांनी मलाच विचारलं. ते वडिलांचे मित्र. मी म्हणालो, "नहीं साहब, बस बुखार." क्युरेटिंगचंही बोललो नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, सांगायचं होतं ना!"

"त्यांच्यासमोर? पहले बुखार तो उतरने दे."

तापाच्या पाचव्या दिवशी तिने चहा कपाऐवजी ओट्यावर गाळला आणि मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारली. दुपारपर्यंत डावा हात उचलेना. तिला तसंच उचलून हॉस्पिटलात आणलं.

एमआरआयमध्ये ब्रेन अ‍ॅब्सेस दिसला. मेंदूत पुवाच्या दोन गाठी. अँटिबायोटिक शिरेतून द्यायचं, गाठी वाढल्या तर डोक्याचं ऑपरेशन.

मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. विचारलं, "तेव्हाच बोललो असतो तर?"

"शायद लवकर पकडलं असतं. शायद नाही. पण मुझसे झूठी तसल्ली मत मांगिए."

पुढच्या एमआरआयपर्यंतचे दहा दिवस मी आयसीयूबाहेरच्या बाकावर काढले. आत ती एकेक शब्द शोधायची. चमच्याला "ते... ते" म्हणायची आणि रडायची. मी तिच्याकडे नीट बघू शकत नव्हतो.

गाठी लहान झाल्या. ऑपरेशन टळलं. सहा आठवडे इंजेक्शनं चालली. आता ती चालते. बोलणं संथ आहे, डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. डॉक्टरांचे आणि नर्सताईंचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्यासारख्या नवऱ्यांना सांगतो, तपासणीच्या खोलीत तिला बोलू द्या.

हे मलाही लगेच जमलं नाही. ती घरी आल्यावर इंदूरच्याच परदेशीपुऱ्यातून माझी मोठी बहीण भेटायला आली. "नेमकं झालं काय रे?" तिने विचारलं. मी पटकन म्हणालो, "दिमागी बुखार."

"नाही," सुनंदा म्हणाली. मग थांबत थांबत, "ताई... पांढरं जात होतं. वास होता. तोच जंतू... रक्तात गेला. मग... डोक्यात."

मी खाली बघत राहिलो. ताईने खुर्ची सुनंदाच्या पलंगाजवळ ओढली.

"तू जरा बाहेर जा," ती मला म्हणाली. "मला हिला काही विचारायचंय. माझं."

मी बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.