चिप नसलेली किल्ली

बंगळुरात बनशंकरीच्या बाजारामागे गाडीच्या किल्ल्या करून देणारे एक अण्णा आहेत, मराठी घरातलेच. नाव मी कधी विचारलं नाही. कुणाच्याही गाडीत बसताना ते चपला बाहेर काढून ठेवतात, आणि नव्या किल्लीची चिप गाडीशी जुळेपर्यंत मशीनला ‘बा, बा’ म्हणत गाईला बोलवावं तसं चुचकारतात.

आमच्या ह्यांची किल्ली हरवली. त्यांची नजर अधू झालीय, गाडी आता मीच चालवते, तेव्हा खरं सांगू, मला बरंच वाटलं. पण ह्यांना नवी किल्ली हवीच होती, म्हणून आम्ही दोघं अण्णांकडे गेलो. मी हळूच अण्णांना म्हटलं, “चिप न घालता नुसती किल्ली कापून द्या. ह्यांना मात्र सांगू नका.”

“न सांगता नाही करत मी, अक्का,” म्हणून ते थेट ह्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. “सर, ह्या किल्लीनं दार उघडेल, रेडिओ लागेल. इंजिन सुरू होणार नाही. करू?”

मी मान खाली घातली.

“करा,” हे म्हणाले. “आणि हिला सांगा, रोज संध्याकाळी मला फिरवून आणायचं. रिव्हर्स घेताना मी ओरडलो तर उलट बोलायचं नाही.”

“ते तुम्हीच सांगा, सर,” म्हणत अण्णांनी किल्ली कापायला घेतली.