चाकामागचा दगड

देवळालीतल्या घरामागच्या शेडमध्ये मी वडिलांची गंजलेली पिकअप दुरुस्तीला काढली आणि एक म्हातारा माझ्या मागेच लागला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. रोज डेअरीत दूध घालून परतताना तो रिकामी किटली दारात ठेवायचा, बोनेटवर बोटानं टकटक करायचा आणि न विचारता मागच्या चाकाला दगड लावून जायचा. मी तो दगड बाहेर फेकायचो. दुसऱ्या दिवशी हा तोच शोधून आणायचा.

"तुमच्या वडलांच्या टायमापास्नं हिला दगड लागतो," म्हणायचा.

शेवटी वैतागून मी त्याला हँडब्रेक ओढून दाखवला. "बाबा, ब्रेक नवा टाकलाय. आता दगड कशाला?"

"नवा हाय, हे तुमाला ठाऊक," तो शांतपणे म्हणाला. "गाडीला ठाऊक हाय का?"

मी कपाळावर हात मारला.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढली, त्या दिवशी हा नेमका आला नाही. चहासाठी कालव्याजवळच्या चढावर थांबलो. हँडब्रेक खच्चून ओढला, दार लावलं, चार पावलं गेलो आणि परत फिरलो. रस्त्याकडेला वाकून दगड शोधताना मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.