नाडी आतल्या बाजूला

दादाच्या डोक्यात ते भूत टीव्हीमुळे शिरलं. उसळत्या पाण्यावर काठ्या टांगलेल्या, आणि एकट्या माणसानं काठीला न शिवता होडी त्यांच्यामधून काढायची, अशी शर्यत त्यानं पाहिली आणि सामान जमवायच्या मागे लागला. कॉलेजच्या खेळाच्या सरांकडे फायबरची जुनी, अरुंद होडी पडून होती. ती एसटीच्या टपावरून आमच्या गावी, सावलीला आली. अंगणात दोन बांबूंवर ठेवली, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, हे तिरडीवानी काऊन ठेवलं?" आईनं तिला त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. माझ्याही मनातून तो शब्द जाईना.

दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं सुतारानं करून दिलं. हेल्मेट मामाच्या फटफटीचं, तरंगायचं जाकीट सरांचं. राहिला घागरा. तो बसणाऱ्याच्या कमरेला घट्ट बसतो आणि त्याचा घेर होडीत बसायच्या भोकावर गच्च ओढून बसवायचा, म्हणजे आत पाणी शिरत नाही. सरांचा घागरा फाटका होता, तो नमुना म्हणून बाबांसमोर आला. बाबा शिंपी. दादाच्या वेडाकडे ते ढुंकूनही पाहत नव्हते, पण फाटकं कापड दिसलं की त्यांना राहवत नसे.

"हे नाडी समोर काऊन लोंबून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"तशीच राह्यते ते," दादा म्हणाला.

नाडी कशासाठी, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. होडी उलटली की ती ओढायची, घागरा सुटतो, माणूस बाहेर निघतो. पण आई चुलीपाशी कान देऊन बसली होती, आणि होडी उलटते हे आमच्या घरात बोलायची सोय नव्हती.

बाबांनी रेक्झिनचा घागरा शिवला, दुहेरी टीप मारून. नाडीही लावली, पण आतून. खुंटीला अडकवायची नाडी कपड्याच्या आतच असते. बाहेर लोंबली तर शिंप्याची लाज जाते.

नदीवर, मार्कंड्याला आम्ही सगळेच गेलो. सर येणार होते, आले नाहीत. दादाला दम निघेना, घागरा त्यानं नीट पाहिलाही नाही. बाबांनी स्वतः वाकून घागऱ्याची कड होडीवर बसवली आणि कौतुकानं तिच्यावरून हात फिरवला.

खडकांमधल्या ओढीत होडी तिरपी झाली आणि पालथी पडली. आई किंचाळली. बाबा मात्र शेजारी मासोळ्यांचं जाळं घेऊन उभ्या असलेल्या ढिवराला सांगत होते, "पाहा भाऊ, एक थेंब आत जाऊन नाई राह्यला."

दादाचा हात पाण्यातून वर आला, होडीच्या पोटावर आपटला, पुन्हा खाली गेला. ढिवरानं उडी टाकली. घागरा त्याच्यानंही सुटेना, म्हणून त्यानं होडी सुलटी केली आणि दादासकट काठाला ओढली.

दादा बराच वेळ ओकला. मग त्यानं विचारलं, "बाबा, नाडी कुठी लावली?"

"आतून," बाबा म्हणाले. "टांगाले."

घरी आल्यावर बाबा ती टीप उसवत बसले. टीप पक्की होती, लवकर उसवेना. त्यांच्या जवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी दादा पुन्हा नदीवर निघाला. घागऱ्याला समोर वीतभर लाल नाडी होती. मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.  बाबा दुकानातली मोठी कात्री घेऊन त्याच्या मागे गेले आणि तो पाण्यात होता तोवर कमरेएवढ्या पाण्यात, कात्री उघडी धरून उभे राहिले.