मागच्या खोलीमागची भिंत

हर्सूलच्या बाजूला उताराचा प्लॉट घेतला तेव्हा हवा छान आहे असं सगळेच म्हणाले. उताराचं कुणी काही बोललं नाही. घरासाठी सपाटी हवी म्हणून जेसीबीनं मागचा उतार कापला आणि घराच्या पाठीशी मातीची उभी कड तयार झाली, माणसाच्या उंचीपेक्षा बरीच वर गेलेली. वरच्या अंगाला काळी माती, खाली पिवळा मुरूम. कडेच्या माथ्यावर शेजाऱ्यांचं अंगण, आणि अंगणाच्या अगदी टोकाला त्यांची पाण्याची मोठी टाकी. खाली, चार पावलांवर, आमच्या मागच्या खोलीची खिडकी. त्या खिडकीला लागून मामांची खाट.

मामा म्हणजे माझे सासरे. अर्धं अंग लुळं पडल्यावर गंगापूरकडची शेती सोडून ते आमच्याकडे राहायला आले. दोघांनी धरल्याशिवाय त्यांना उठता येत नसे. आल्या आल्या त्यांनी घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, "मला मागची खोली द्या. गार हाय." दहावीत गेलेली माझी मुलगी तीच खोली अभ्यासाला मागत होती. ती फुरंगटून बसली, पण आजोबांपुढं तिचं काय चालणार?

मी मुळातच भित्री. गॅस बंद केलाय का हे बघायला निम्म्या रस्त्यातून परत येणारी बाई. एका पावसाळ्यात कडेची ढेकळं सुटून खिडकीखाली पडली आणि माझ्या जिवाला घोर लागला. मामांना चहा द्यायला गेले की आधी माझी नजर खिडकीबाहेर जायची. ही माती आली तर ते उठणार कसे, आणि मी एकटी त्यांना ओढणार कशी, एवढंच डोक्यात. घरात तसं बोलून दाखवलं की आमचे हे, म्हणजे माझा नवरा, म्हणायचे, "तुला कशाची भीती वाटत नाही ते सांग."

तरी भिंत बांधायचं ठरलं. जळगाव रोडला ब्लॉक बनवणाऱ्यांकडे आम्ही दोघं गेलो. ह्यांच्या मनात पोकळ ब्लॉकची सरळ भिंत होती, कंपाउंडला असते तशी. जागा वाचते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, कंपाउंडला शेळ्या अडवायच्या असतात. हिला टेकडी अडवायचीय." दुकानदारानं दुसरे ब्लॉक दाखवले. भरीव, जड, मागच्या बाजूला ओठासारखी कड असलेले. प्रत्येक थर खालच्या थराला अडकतो आणि जरासा मागे सरकून बसतो, त्यामुळे सगळी भिंत मातीवर रेलून उभी राहते. पाठीमागे खडी भरायची आणि तळाशी भोकांचा पाइप टाकायचा, म्हणजे मुरलेलं पाणी भिंतीला न ढकलता बाहेर पडतं. ह्यात आमची कपडे वाळत घालायची जागा जाणार होती. ह्यांचं तोंड उतरलं. "तिथं तुमचेच वडील झोपतात," मी म्हटलं. मग त्यांनी तेच ब्लॉक सांगून टाकले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती. पाठीमागे खडी भरायची तर कड अजून आत कापावी लागते. ज्या मातीची धास्ती, तीच आधी मोकळी करायची. मिस्त्री थोडी थोडी कापत होता, तरी काम चाले तोवर मी मामांच्या खाटेशी जाऊन बसे; पुढच्या खोलीत चला म्हटलं तर ते ऐकत नव्हते. मी वर जाऊन शेजारच्या वहिनींना विनवलं, काम होईस्तोवर टाकी रिकामी ठेवा, कडेवर तेवढं ओझं नको म्हणून. त्या म्हणाल्या, "ताई, पानी कवा येतं तुम्हाला ठावं नाय का? भरलेली टाकी कुनी वततं व्हय?" पाणी आलं की मी स्वतः कुकरसुद्धा भरून ठेवते. टाकी भरली की लगेच नळ बंद करीन, असं मात्र त्यांनी कबूल केलं.

आमच्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, त्यामुळे पाण्याचा दिवस म्हणजे सण. त्या महिन्यात मला त्या दिवसाचीच धडकी भरायची.

खालचे तीन थर रचून झाले होते. एका दुपारी पाणी अवेळी आलं. वरच्या वहिनी बाजारात गेलेल्या, नळ उघडाच, टाकी भरून कडेवरून वाहायला लागली. मी स्वयंपाकघरात होते. आधी बारीक झिरपल्याचा आवाज आला, मग मिस्त्रीची हाक, आणि मग धप्प. मी धावले. कडेचा एक मोठा लगदा तीन थरांवरून उडी मारून खिडकीवर आदळला होता. गजांना चिखल, चादरीवर चिखल. मामा एका हातानं खाटेची पाटी धरून बसले होते. मिस्त्री पळत वर जाऊन नळ बंद करून आला.

मी त्यांचे हात पुसायला घेतले.

"मामा, आजपासून पुढच्या खोलीत झोपायचं."

"नाय."

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटती की. लई वाटती. डोळा लागत नाय."

"मग कशाला हट्ट करता?"

"म्या उठलो की तुम्ही पोरीला देसाल ही खोली. कवाची मागतीया ती. म्या हितं हाय तवर ती हितं बसत नाय."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. गारव्याचं काहीच नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, ह्या घरात घाबरणारी मी एकटीच.

त्याच दिवशी त्यांची खाट पुढं हलवली. मागच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवली, तेव्हा कुठं ते हलायला तयार झाले. वरच्या वहिनींनीही टाकी कडेपासून मागे, आपल्या घराशी सरकवून घेतली.

भिंत पूर्ण झाल्यावर ह्यांनी आणि मिस्त्रीनं मामांना खुर्चीत बसवून मागे नेलं. त्यांनी चांगला हात बराच वेळ ब्लॉकवर ठेवला. तळाच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं, तेही निरखून बघितलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"दे आता पोरीला खोली."

मी कुलूप उघडलं, खोली झाडून घेतली, गज धुतले. आणि खिडकीजवळ माझी शिलाई मशीन नेऊन ठेवली. मुलगी माझ्याशी बोलेना. हे म्हणाले, भिंत झाली, आता तरी भीती पुरे कर. मामांनी मात्र मला काहीही विचारलं नाही. मी रोज दुपारी तिथं शिवत बसते, भिंतीकडे तोंड करून.