आठ नंबरचे गमबूट

आमच्या संस्थेत सुरक्षितता मी आणली. हे वाक्य मी काही महिने संधी मिळेल तिथे म्हणत असे, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा, समोरच्याने जिलेबी मागितली असली तरी. आता म्हणत नाही. कुणी विषय काढलाच तर मी पाणी प्यायला उठतो.

संस्था म्हणजे नाशिक शहराच्या कडेला पसरलेलं शिक्षणसंकुल. दोन कॉलेजं, एक वसतिगृह आणि चार मजल्यांची मुख्य इमारत. इमारत, पाणी, बाग आणि सफाई हे सगळं व्यवस्थापक म्हणून माझ्याकडे. प्राध्यापक मंडळींना माझी आठवण नळ गळायला लागला की येते, आणि नळ थांबला की ती जाते. अशा माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला फार थोडं लागतं. मला दोन दिवसांची कार्यशाळा पुरली.

कार्यशाळा एका हॉटेलात होती, विषय होता मोठ्या संस्थांमधली स्वच्छता आणि कामगारांची सुरक्षितता. जेवण उत्तम होतं. पडद्यावर घसरून पडणाऱ्या माणसांची चित्रं दाखवली आणि शेवटी प्रमाणपत्र दिलं. मी परत आलो तो डोळ्यांवर नवा चष्मा चढवूनच. ज्या फरशीवरून मी नऊ वर्षं चालत होतो, तिथे मला आता जागोजागी धोके दिसू लागले.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे सफाईच्या बायकांचे अनवाणी पाय. आमच्याकडे चाळीस बायका सफाई करतात. नोकरीला त्या ठेकेदाराच्या, पण हुकूम माझा. काही जणी शहरातल्या कॉलन्यांमधल्या, काही दिंडोरीकडून जीपने येणाऱ्या, द्राक्षबागेतली फवारणी सोसेना म्हणून इकडे वळलेल्या. त्यांची जुनी रीत अशी की सकाळी आल्या की चपला जिन्याखाली रांगेने काढायच्या आणि अनवाणी, मागे मागे सरकत फरशी पुसायची. ओल्या फरशीवर चप्पल सरकते आणि डागही पडतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे आपणच पुसलेल्या फरशीवर चप्पल घालून चालणं त्यांच्या जिवावर येई. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी थेट सातपूरला एका दुकानात गेलो आणि गमबूट घेऊन आलो.

माप काय घ्यायचं, असं दुकानदाराने विचारलं. मी एक जोड स्वतः पायात घातला, दुकानात चार पावलं चाललो, छान वाटलं. मला आठ नंबर लागतो. मी आठ नंबरचे चाळीस जोड सांगितले. दुकानदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बिल फाडलं. त्या पाहण्याचा अर्थ लागायला मला तीन महिने लागले.

बूटवाटपाचा छोटा समारंभ केला. मागे रांगेत बायका, त्यांच्या पुढे बूट, आणि बुटांच्या पुढे मी, असा फोटो निघाला. तो फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. त्याच दिवशी नियम काढला की पाहणीच्या वेळी जी बाई बुटाविना दिसेल तिच्या नावापुढे लाल खूण होईल, आणि तीन खुणा झाल्या की ठेकेदाराला कळवलं जाईल.

पाहणी मी रोज दहा वाजून दहा मिनिटांनी करत असे. माझे वडील मनमाडला रेल्वेत होते, त्यामुळे वेळ पाळणं हाच आमच्या घरचा कुळाचार. जिन्याशी पोचलो की तिथला शिपाई हातातला किल्ल्यांचा जुडगा खणखण वाजवायचा. ती मला मानवंदना वाटे. मी मान तुकवून वर चढत असे आणि वर गेलो की प्रत्येक बाईच्या पायात बूट. तीन महिन्यांत एकही लाल खूण झाली नाही. बदल कसा घडवायचा असतो यावर मी एक टिपणसुद्धा लिहून काढलं. ते वाचून दाखवायला बायको सापडत नव्हती, हा भाग वेगळा.

मग एक दिवस तपासणीची कमिटी यायची होती, म्हणून मी पावणेआठलाच पोचलो. शिपाई चहाचा कप हातात धरून उभा होता. मला पाहून त्याने कप तसाच ठेवला आणि किल्ल्या इतक्या जोरात वाजवल्या की मी दचकलो. मी दोन मजले चढलो. तिसऱ्या मजल्याच्या मावशी वरचा जिना पुसत होत्या, म्हणजे क्षणापूर्वीपर्यंत पुसत होत्या. मी वर पाहिलं तेव्हा त्या एका पायात बूट घालून दुसरा ओढत होत्या. तो घालून त्या सरळ झाल्या, बादली उचलली आणि साबणाच्या पाण्यावरून एक पायरी उतरल्या. बुटाचं पुढचं टोक त्यांच्या पायाच्या खूप पुढे होतं. ते पायरीच्या कडेला अडकलं आणि मावशी माझ्या डोळ्यांदेखत सहा पायऱ्या खाली आल्या.

उजवा हात अंगाखाली आला होता. एक बूट पायातून सुटून घरंगळत माझ्यापर्यंत आला. त्याच्या टोकात जुन्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. मी वाकलो तसं त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घातलेत साहेब. बूट घातलेत."

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायची लाज वाटते. कमिटी दहाला येणार आणि जिना ओला आहे, हा विचार आला. दुसरा विचार मावशींचा होता, पण तो दुसराच.

संस्थेच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर. संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. अपघाताचा अहवाल मी लिहायचा होता आणि त्यावर मावशींची सही हवी होती. सगळं एका रकान्यावर अवलंबून होतं. कारणाच्या जागी कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं, तर करारानुसार तो मावशींना कमी करून दुसरी बाई आणणार होता. संस्थेची चूक लिहिली, तर त्यांची पगारी रजा आणि नोकरी दोन्ही राहणार होती, पण चौकशी माझी होणार होती. साहेब, नेहमीचंच लिहा, उगाच वाढवू नका, असं तो अगदी आपुलकीने म्हणाला.

मी नेहमीचंच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे खोटंसुद्धा वळणदार उतरतं. 'जिना उतरताना कामगाराने दाखवलेल्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं आणि ही आपली एक औपचारिकता आहे, असं स्वतःला तीन-चार वेळा सांगितलं. सही आणायला स्वतः गेलो, कारण त्यामुळे आपण भले गृहस्थ वाटू अशी माझी समजूत होती. सोबत किलोभर द्राक्षं घेतली. नाशिकमध्ये हंगामात द्राक्षं घेऊन जाणं म्हणजे रिकाम्या हाताने जाण्यासारखंच आहे.

घर दोन खोल्यांचं, फरशी लख्ख. दारात मी बूट काढले आणि आत गेल्यावर लक्षात आलं की मीही अनवाणी आहे. मावशी कॉटवर बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात उशीवर. सुनेने चहा आणला. माझं लक्ष मावशींच्या पायांकडे गेलं. इतकी वर्षं त्या पायांनी माझ्या पुढ्यात फरशी पुसली, पण मी फरशी पाहत होतो. पाय लहान मुलीसारखे छोटे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, पांढऱ्या, चिरलेल्या. मी विचारलं तेव्हा कळलं की बुटात वरून पाणी शिरतं आणि दिवसभर आतच राहतं. मग हळूहळू बाकीचंही कळलं. बूट आग विझवायच्या वाळूच्या लाल बादल्यांमागे ठेवलेले असत. किल्ल्या वाजल्या की घालायचे, मी गेलो की काढायचे. साहेब वेळेचे पक्के म्हणून आजवर निभावलं, असं त्या म्हणाल्या, आणि यात टोमणा अजिबात नव्हता. मानवंदनेचा उलगडा मला त्या कॉटसमोर, चहाचा कप हातात असताना झाला.

मी कागद पुढे केला. नुसती सही करा, असं म्हणालो. मावशी सातवी शिकलेल्या. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि डाव्या हाताचं बोट ओळीखालून फिरवत वाचायला सुरुवात केली. त्या 'निष्काळजीपणा' या शब्दावर थांबल्या. सून आत निघून गेली.

"निष्काळजी मी नाय, साहेब," त्या म्हणाल्या. "एकवीस वर्सं पुसतेय. ठेकेदार पाच बदलले, पण मी कधी पडले नाय. काम गेलं तर जाऊ द्या, दुसरीकडं बघंन. पण माझी नाय ती चूक माझ्या नावावर नका लिहू."

मग माझी अडचण समजून घेतल्यासारखं त्या म्हणाल्या, "तुमची लिहायची नसंल तर राहू द्या. ती जागा मोकळी सोडा."

मी आयुष्यात बरेच अपमान पचवले आहेत, पण एवढ्या मऊ आवाजात झालेला हा पहिलाच. मला रडू आलं नाही, तसं काही नाही, पण चहाचा कप मात्र मी खाली ठेवला. मी तो कागद फाडला आणि घरात कोरा कागद आहे का विचारलं. नातीच्या वहीतलं पान मिळालं. त्यावर लिहिलं की व्यवस्थापकाने कुणाच्याही पायाचं माप न घेता सर्वांसाठी स्वतःच्या मापाचे बूट आणले, ते ओल्या जिन्यावर घालायची सक्ती केली, आणि ते घालून काम जमतं का, हे कधी विचारलं नाही. खाली माझी सही केली. मावशींनी पुन्हा सगळं वाचलं. शिपायाचं नाव कुठे नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. त्याला पोरंबाळं होती.

सून शाईचं पॅड घेऊन आली. मावशींनी ते बाजूला सारलं. अंगठा नको, सही येते मला, असं म्हणून त्यांनी डाव्या हातात पेन धरलं. एकेक अक्षर काढायला फार वेळ लागला. कागद सरकत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो.

दोन दिवसांनी संस्थेच्या सचिवांच्या खोलीत ठेकेदाराने तो कागद उचलून धरला. ही सही त्या बाईची नाहीच, जुन्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही, कुणीतरी बनवलेली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सही त्यांचीच आहे. डाव्या हाताची आहे. कागद मी धरला होता."

सचिवांनी कागद पुन्हा वाचला आणि हे तुम्ही शुद्धीवर असताना लिहिलंय का, असं विचारलं. मी हो म्हणालो. मग ते ठेकेदाराकडे वळून म्हणाले की बाई राहतील, आणि रजाही धरा. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती फायलीत कार्यशाळेच्या प्रमाणपत्राच्या पाठोपाठच लागली आहे. शिवाय हुकूम झाला की प्रत्येक बाईच्या पायाचं माप मी स्वतः घ्यायचं.

मावशी कामावर परत आल्या त्या आठवड्यात मी व्हरांड्यात तपकिरी कागद अंथरला आणि पेन्सिल घेऊन जमिनीवर बसलो. गुडघे कटकट वाजले, ते सगळ्यांनी ऐकलं. पहिल्या बाईने कागदावर पाय ठेवायला साफ नकार दिला, दुसरीनेही. कागदाला पाय लावायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण मी कार्यशाळा केलेला माणूस. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या मावशी पुढे आल्या. त्यांनी जरा थांबून कागदावर पाय ठेवला. मी एका हाताने त्यांची टाच धरली आणि दुसऱ्या हाताने पायाभोवती पेन्सिल फिरवली. गुदगुल्या झाल्या म्हणून त्या हसल्या, मग मागच्या सगळ्याच हसल्या.

पाय उचलल्यावर मावशी वाकल्या. त्यांनी कागदाला हात लावला आणि तो कपाळाला लावला, चुकून पाय लागला की आपण लावतो तसा. माझा हात अजून त्यांच्या टाचेच्या स्पर्शाने ओलसर होता. काही कळायच्या आत तो माझ्या कपाळाकडे गेला आणि टेकला. चाळीस बायका बघत होत्या. मी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसल्यासारखं केलं. मग पुढच्या बाईला हाक मारली.